कोल्हापूर ते तिरुपती विमानानं: अंतर किती, वेळ किती आणि घरातून किती वाजता निघायचं

आमच्या घरात तिरुपती म्हणजे हरिप्रिया एक्सप्रेस. कोल्हापुरातून दुपारच्या आधी गाडीत बसायचं, मिरज, बेळगाव, हुबळी, गुंतकल करत दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं. वीस-बावीस तास. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पत्त्यांचा कॅट सोबत. आईचे गुडघे दुखायला लागल्यावर मी पहिल्यांदा विमानाचं तिकीट काढलं. त्यावर "१ तास १० मिनिटे" असं छापलेलं होतं आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवून मी पुढचा सगळा दिवस आखला. अकराला उतरायचं, बाराचं दर्शन. अकराला उतरलो खरे, पण बारा वाजता आम्ही मंदिराच्या डोंगराच्या पायथ्याशी, अलिपिरीच्या तपासणी नाक्यावर रांगेतल्या गाडीत बसून होतो. आई शांतपणे म्हणाली, "अरे, विमान वेळेवर आलं, आपणच उशिरा आलो."

त्यानंतर तीन-चार वेळा जाणं झालं. पहिल्यांदाच विमानानं निघालेल्या माणसाला नेमकं काय ठाऊक हवं, ते इथं क्रमानं लिहितो. बऱ्याच गोष्टी दुसऱ्या कुठल्याही दोन छोट्या विमानतळांनाही लागू पडतील.

१. अंतराचे आकडे तीन असतात, ते आधी वेगळे करा

"कोल्हापूर तिरुपती अंतर" असं शोधलंत की कुठे साडेआठशे दिसतं, कुठे साडेसहाशे, कुठे चारशे, तर कुठे साडेतीनशे. कुणीच खोटं बोलत नसतं.

साडेआठशे किलोमीटरच्या आसपासचा आकडा रस्त्याचा, म्हणजे हायवेनं बेंगळुरूपर्यंत आणि तिथून पूर्वेला तिरुपतीपर्यंतचा. साडेसहाशे हे विमानतळ ते विमानतळ सरळ रेषेतलं अंतर. तेच मैलांत सुमारे ४०८ आणि सागरी मैलांत ३५४. वैमानिक सागरी मैल वापरतात (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर), त्यामुळे काही साइट तोच आकडा देतात आणि पुढचं एकक इतक्या बारीक अक्षरात की दिसतच नाही. माझ्या मेव्हण्यानं ३५४ हे किलोमीटर समजून "मग गाडीनंच जाऊया की, सहा तासांत पोहोचू" असं घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. अजून त्याला सोडलेलं नाही.

स्वतः पडताळायचं असेल तर कागद-पेन्सिल पुरते. कोल्हापूरचा विमानतळ साधारण १६.६६ अंश उत्तर आणि ७४.२९ अंश पूर्वेला आहे, तिरुपतीचा १३.६३ उत्तर आणि ७९.५४ पूर्वेला. अक्षांशांतला फरक ३.०३ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे झाले ३३६. रेखांशांतला फरक ५.२५ अंश. रेखांश उत्तरेकडे जवळ येत जातात, आपल्या या पट्ट्यात एक अंश सुमारे १०७ किलोमीटर भरतो, म्हणजे झाले ५६२. आता शाळेतला पायथागोरस: दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर ६५५ च्या आसपास येतं. पृथ्वी गोल आहे म्हणून मोठ्या अंतरांना हे गणित चुकतं, पण एवढ्याशा अंतराला फरक एक-दोन किलोमीटरचा.

विमान मात्र पट्टी ठेवून आखल्यासारखं जात नाही. धावपट्टीच्या दिशेनं उडायचं, वळायचं, ठरलेले हवाई मार्ग पकडायचे, उतरताना पुन्हा धावपट्टीच्या रेषेत यायचं. त्यामुळे प्रत्यक्षातलं उड्डाण सरळ अंतरापेक्षा थोडं जास्तच भरतं.

२. कुठलं विमान आहे ते बघा, वेळ त्यावर ठरते

तिकीट काढताना हा भाग लोक वाचतच नाहीत. छोट्या विमानतळांवर प्रामुख्यानं दोन तऱ्हेची विमानं येतात. एक पंख्याचं, ए-टी-आर ७२. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. दुसरं छोटं जेट, एम्ब्रेअर १७५. ते ताशी पावणेआठशे-आठशेनं जातं. दोन्हींत सत्तर-ऐंशीच माणसं बसतात.

आता हिशोब करा. जेटला ६५५ किलोमीटरला साधारण ५० मिनिटं. ए-टी-आरला ८० मिनिटं. त्यात चढण्या-उतरण्यातली संथ चाल, वळणं आणि जमिनीवरची रांगत जाणारी चाल यांची २० ते २५ मिनिटं मिळवा. जेटचे सव्वा तासाच्या आत, ए-टी-आरचे एक तास चाळीस मिनिटांच्या आसपास. म्हणून एकाच मार्गाला एक जण "सव्वा तास" सांगतो, दुसरा "पावणेदोन तास", आणि दोघंही खरे असतात.

तिकिटावरची वेळ ही हवेतली वेळ नव्हे. विमानाच्या चाकांखालचे अडसर काढल्यापासून तिकडे पोहोचून ते पुन्हा लावेपर्यंतचा तो वेळ असतो. कंपन्या त्यात थोडी सूटही धरतात. त्यामुळेच दहा मिनिटं उशिरा सुटूनही विमान "वेळेवर" पोहोचतं आणि प्रवासी कौतुक करतात.

जाता-येताच्या वेळेत पाच-दहा मिनिटांचा फरक दिसला तर गोंधळू नका, तो वाऱ्याचा असतो. पावसाळ्यात खालच्या थरात वारा पश्चिमेकडून जोरात वाहतो. ए-टी-आर फार उंच जात नाही, त्यामुळे तिरुपतीकडे जाताना तो पाठीशी असतो आणि परतताना तोंडावर.

३. तिकीट काढण्याआधी दर्शनाचं बघा

इथं क्रम महत्त्वाचा आहे. ३०० रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन देवस्थानाच्या साइटवर साधारण तीन महिने आधी खुलं होतं आणि भराभर संपतं. विमानाचं मात्र असं की ते रोज असेलच असं नाही. आठवड्यातले काही ठरावीक दिवस असतात, आणि ते दिवस बदलतात. छोट्या मार्गांवर सेवा मध्येच थांबते आणि पुन्हा सुरू होते, हेही आपण पाहिलंय.

मी असं करतो: आधी कंपनीच्या साइटवर विमानाचे वार बघून घेतो. मग त्या वारांना जुळणारं दर्शन मिळतं का ते पाहतो. दर्शन पक्कं झालं की त्याच बैठकीत, चहा गार झाला तरी चालेल, विमानाचं तिकीट. दोन्हींच्या मध्ये "घरी विचारून सांगतो" आलं की एक तरी हातचं जातं.

विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. या तारखांच्या पलीकडचं तिकीट काढत असाल तर सुटण्याची वेळ नंतर बदलू शकते. म्हणून दर्शन उतरण्याच्या दिवशी घेऊच नका. दुसऱ्या दिवशीचं घ्या. माझं ऐका, मी बाराचं घेतलं होतं.

४. यादीतून "तिरुपती"च निवडा

हसू येईल, पण हा सापळा खरा आहे. साइटवर इंग्रजीत "तिरु" एवढं टाइप केलं की तिरुपती, तिरुअनंतपुरम, तिरुचिरापल्ली अशी रांग येते. घाईत बोट घसरलं की माणूस बालाजीऐवजी पद्मनाभस्वामींच्या गावाचं तिकीट काढून बसतो. तीन अक्षरी संकेत बघा. तिरुपतीचा टी-आय-आर, कोल्हापूरचा के-एल-एच. पैसे भरण्याआधी एवढं मोठ्यानं वाचा.

दुसरा सापळा म्हणजे "एक थांबा". थेट विमान नसलेल्या दिवशी साइट हैदराबादमार्गे पर्याय दाखवते. कोल्हापूर ते हैदराबाद सरळ रेषेत सुमारे ४४५ किलोमीटर, हैदराबाद ते तिरुपती सुमारे ४१५. म्हणजे ६५५ ऐवजी ८६० किलोमीटर. अंतराचं फार काही नाही, पण मधला मुक्काम तीन-चार तासांचा असेल तर सव्वा तासाचा प्रवास सहा-सात तासांवर जातो. घेतलाच तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असू द्या. वेगवेगळी तिकिटं काढलीत आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

बेळगावहूनही तिकिटं शोधून बघा. सांबऱ्याहून (बेळगावचा विमानतळ) तिरुपती सरळ अंतरानं ५८५ किलोमीटर. पण गडहिंग्लज, निपाणीकडच्या माणसाला ते सोयीचं, कोल्हापूर शहरातल्या माणसाला नाही. सव्वाशे किलोमीटर रस्त्यानं जाऊन सत्तर किलोमीटर आकाशातले वाचवण्यात मला अर्थ दिसत नाही, भाड्यात मोठा फरक असेल तरच.

५. कागदपत्रं

ओळखपत्र मूळ घ्या, झेरॉक्स नको. आधार असेल तर उत्तम, कारण तिरुमलेवर, म्हणजे मंदिर असलेल्या डोंगरावर, दर्शनाला आणि खोलीला तेच लागतं. सोबत:

विमानाचं तिकीट किंवा बोर्डिंग पास, मोबाइलमध्ये आणि एक प्रत कागदावर. आईच्या मोबाइलची बॅटरी बरोबर गेटवरच संपते.
दर्शनाच्या तिकिटाची छापील प्रत.
दोन वर्षांखालच्या बाळाचा जन्मदाखला.
खोली आरक्षित केली असेल तर त्याची पावती.

नाव आधारवर जसं आहे तसंच तिकिटावर लिहा. आपल्याकडे हे सगळ्यात जास्त चुकतं. आधारवर "पाटील शांताबाई महादेव", तिकिटावर "शांता पाटील". गेटवरचा जवान समजूतदार निघाला तर जाऊ देतो, नाही तर काउंटरपर्यंत परत धाव. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांनी तर दोनदा तपासावं.

६. बॅग भरताना

चेक-इनला साधारण १५ किलो आणि हातात ७ किलो चालतात. नक्की आकडा तिकिटावरच बघा. ए-टी-आरमध्ये डोक्यावरचे कप्पे छोटे असतात. चाकांची मोठी हातबॅग त्यात मावत नाही, ती विमानापाशीच काढून घेतात. गोळ्या-औषधं आणि पैसे त्या बॅगेत ठेवू नका.

आता खास आपल्या माणसांसाठी. कांदा-लसूण चटणी आणि लोणचं हातातल्या सामानातून जाऊ देत नाहीत, ते चेक-इनच्या बॅगेत घाला. सुकं खोबरं कुठेच नको. त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं, म्हणून ते विमानात चालत नाही. मावशीनं ओटीच्या सामानात सुक्या खोबऱ्याच्या पाच वाट्या बांधल्या होत्या. उजळाईवाडीच्या, म्हणजे कोल्हापूर विमानतळाच्या, स्कॅनरवर बॅग थांबली, जवानानं एकेक वाटी काढून टेबलावर मांडली आणि मावशी त्याच्याकडे अशी बघत होती की जणू त्यानं देवाचाच नैवेद्य अडवलाय. ओटीचं सामान तिरुपतीत सगळीकडे मिळतं.

तंबाखू, सिगारेट, दारू आणि मांसाहारी पदार्थ तिरुमलेवर नेता येत नाहीत. अलिपिरीला बॅगा तपासतात. खिशात विसरलेली तंबाखूची पुडीसुद्धा तिथं निघते.

कपड्यांचा नियमही इथंच सांगतो. विशेष दर्शनाला पुरुषांना धोतर किंवा कुर्ता-पायजमा, बायकांना साडी किंवा ओढणीसह चुडीदार. जीन्स-टीशर्टवर रांगेत उभे राहिलात तर बाजूला काढतात. म्हणून एक जोड हातातल्या बॅगेत असू द्या.

७. उजळाईवाडीला किती वाजता पोहोचायचं

कोल्हापूरचा विमानतळ तसा जुना, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ चा. नवं टर्मिनल मार्च २०२४ मध्ये सुरू झालं. एसटी स्टँडपासून नऊ-दहा किलोमीटर, गोकुळ शिरगावच्या अलीकडे. लोकांना वाटतं, छोटा विमानतळ आहे, अर्धा तास आधी गेलं तरी चालेल. चालत नाही. बहुतेक कंपन्यांचा काउंटर विमान सुटण्याच्या एक तास आधी बंद होतो आणि गेट २०-२५ मिनिटं आधी. विमानतळ छोटा असला तरी घड्याळ मुंबईचंच.

दीड तास आधी पोहोचा. शहरातून अर्धा-पाऊण तास धरा, सांगली-मिरजेहून दीड तास. सकाळच्या वेळी एमआयडीसीच्या पाळ्या सुटतात-भरतात, तेव्हा हायवेवरचं वळण सावकाश सरकतं.

विमानापर्यंत बहुधा चालतच जायचं असतं. ए-टी-आर असेल तर मागच्या दारातून चढायचं, त्यामुळे पहिल्या रांगेचं तिकीट असलेल्याला सगळं विमान ओलांडून पुढे जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांना मागची सीट बरी. पंखे पंखांपाशी असल्यानं आवाजही मागे जरा कमी येतो. व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा, फुकट असते.

८. हवामान

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात ढग इतके खाली येतात की पन्हाळा दिसत नाही, विमानतळ तर सोडाच. हिवाळ्यात सकाळी धुकं. एकदा आम्ही बोर्डिंग पास हातात घेऊन दोन तास बसलो आणि मग विमान रद्द झाल्याचं कळलं. पैसे परत मिळाले, दर्शनाचं तिकीट मात्र वाया गेलं.

तिरुपतीचं उलटं. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. आपल्याकडे दिवाळीची उन्हं पडलेली असतात आणि तिकडे बंगालच्या उपसागरातलं वादळ किनाऱ्याला आलेलं असतं. त्या महिन्यांत निघण्याआधी दोन्हीकडचं हवामान बघा. आणि विमान रद्द झालंच तर चेन्नईचा पर्याय डोक्यात ठेवा. चेन्नईहून तिरुपती रस्त्यानं साडेतीन-चार तास.

९. उतरल्यावर

तिरुपतीचा विमानतळ तिरुपतीत नाही, रेणीगुंट्याला आहे. शहर तिथून सुमारे १५ किलोमीटर आणि तिरुमला डोंगरावर, एकूण चाळीसच्या घरात. बॅग येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं जातात. टॅक्सी ठरवताना "तिरुपती" की "तिरुमला" ते स्पष्ट बोला. खाली सोडून वर जाण्याचे वेगळे पैसे मागितले की वाद होतो. वर जाणाऱ्या एसटी बसही शहरातून सतत सुटतात आणि स्वस्त आहेत.

घाटात चढायचा रस्ता वेगळा, उतरायचा वेगळा. अलिपिरीला सगळ्यांनी उतरायचं, सामान स्कॅनरमधून न्यायचं, पुन्हा गाडीत बसायचं. गर्दीच्या दिवशी इथंच तास मोडतो. पायी चढणाऱ्यांसाठी अलिपिरीहून साडेतीन हजारांवर पायऱ्या आहेत. श्रीवारी मेट्टूचा मार्ग छोटा, २,३८८ पायऱ्यांचा, पण चढण उभी. विमानानं आलोय म्हणजे पाय ताजे आहेत, असा हिशोब मीही केला होता. हजाराव्या पायरीला तो संपला.

१०. आता खरा हिशोब

रंकाळ्याजवळच्या घरातून विमानतळ: ४० मिनिटं. विमानतळावर: दीड तास. विमान (जेट): १ तास १० मिनिटं. बॅग आणि टॅक्सी: २५ मिनिटं. रेणीगुंटा ते तिरुमला, तपासणीसकट: दीड तास. एकूण सव्वापाच तास, ए-टी-आर असेल तर पावणेसहा. हरिप्रियाला वीस-बावीस तास आणि वर घाटाचा दीड. वाचतात ते सोळा ते अठरा तास, आणि तेही विमान सुटलं तर. म्हाताऱ्या माणसांना, लहान लेकरांना घेऊन जाणाऱ्यांना हा फरक मोठा आहे. चौघं मित्र असाल, हाताशी दोन दिवस असतील आणि तारीख ऐनवेळी ठरत असेल, तर मी अजूनही रेल्वेच सांगेन.

११. परतताना

रेणीगुंट्याला वेळेत पोहोचायचं तर विमानाच्या निदान चार तास आधी तिरुमला सोडा. घाट उतरायला पाऊण तास, खाली तिरुचानूरला पद्मावतीचं दर्शन घ्यायचं असेल तर आणखी दीड-दोन तास धरा, शुक्रवारी त्याहून जास्त. लाडू हातातल्या सामानातून बिनधास्त नेता येतात. फक्त पिशवी बॅगेच्या वर ठेवा, खाली दाबून टाकलेला लाडू घरी पोहोचेपर्यंत बुंदी होतो.

बालाजीवर रुसून लक्ष्मी कोल्हापूरला आली, म्हणून तिरुपती करून आल्यावर अंबाबाईला गेल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं आपल्याकडे मानतात. नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो तो याच नात्यानं. त्यामुळे उजळाईवाडीहून रिक्षा ठरवताना आम्ही घरचा पत्ता सांगतच नाही, महाद्वार सांगतो. संध्याकाळी सातपर्यंत उतरलात तर बॅग घेऊन, भवानी मंडपाजवळ सामान कुणाच्या तरी दुकानात ठेवून, रात्रीच्या शेजारतीच्या आत दर्शन होतं. आईनं गेल्या वेळी तिरुपतीचा अर्धा लाडू त्यासाठीच पर्समध्ये रुमालात बांधून ठेवला होता.